माळावरचे कायमचे प्लॉट: बसवणं, राखणं आणि पुन्हा शोधणं (२०१४ ते २०२५)

बारामती तालुक्यातल्या सुपे-मोरगाव पट्ट्यात आम्ही माळावर सोळा प्लॉट, म्हणजे पुन्हा पुन्हा मोजायचे ठरावीक चौकोन, राखतो. पर्जन्यछायेचा भाग आहे, पाऊस वर्षाला ५०० मिमीच्या आसपास. प्रश्न साधा होता. हे माळ बदलताहेत का, आणि बदलत असतील तर पावसामुळे, चराईमुळे की जमिनीचा वापर बदलल्यामुळे? प्रत्यक्षात मोजणीपेक्षा जास्त मेहनत प्लॉट जाग्यावर ठेवण्यात गेली. असं काम दुसऱ्या कुठल्या माळावर कुणी सुरू करणार असेल, तर त्यांच्यासाठी वहीतल्या नोंदी निवडून इथे देते आहे. आकडेवारीचं विश्लेषण यात नाही.

१२ जुलै २०१४

जून जवळपास कोरडा गेला. माळ अजून पिवळाच आहे. गवत उगवायच्या आत कोपरे ठोकून घ्यायचे असं ठरवलं.

याआधी माझं काम तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या पानझडी जंगलात होतं. तिथला ५० हेक्टरांचा प्लॉट १९८८ पासून चालू आहे आणि १ सेंटिमीटर व त्याहून जाड असलेल्या प्रत्येक खोडाला क्रमांक आहे. माळावर ती पद्धत तशीच चालत नाही. इथे झाडं विरळ, आणि जी आहेत ती बोर, हिवर, खैर. बोरीला तर जमिनीतूनच पाच-सहा फांद्या फुटतात, त्यामुळे छातीच्या उंचीवर घेर घेण्यात अर्थ उरत नाही. आम्ही जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर प्रत्येक फांदीचा घेर घ्यायचं ठरवलं. प्लॉट ५० बाय २० मीटरचा, लांब बाजू उताराला आडवी.

कोपऱ्यांना १२ मिमीच्या सळया, ६० सेंटिमीटर लांब. चौसष्ट सळया म्हणजे साधारण ३४ किलो लोखंड, कापून घेण्यासकट दोन हजार रुपयांच्या आत काम झालं. पैसा लागतो तो गाडीला. अंदाजपत्रकात भाड्याच्या जीपचा आकडा आधी लिहा, बाकी सामान त्याच्यापुढे किरकोळ आहे.

माती वीतभर, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. आधी पहारीनं भोक पाडल्याशिवाय सळई आत जात नाही. नुसता घण मारला की ती वाकते. वीसेक सेंटिमीटर वर ठेवून टोकाला लाल रंग दिला.

२८ सप्टेंबर २०१४

पहिली मोजणी सुरू. ५० मीटरचा टेप ताणायचा आणि दर अर्ध्या मीटरवर बारीक लोखंडी काडी सोडायची. काडीला सगळ्यात वर ज्या गवताचं पान लागेल ते लिहायचं. एका टेपवर शंभर नोंदी होतात.

गवत ओळखायचं तर ते फुलोऱ्यावर हवं. सप्टेंबरचा मध्य ते दिवाळी एवढाच काळ हातात असतो. त्याआधी पवन्या, शेडा, मारवेल सगळं नुसतं हिरवं दिसतं. दिवाळीनंतर गवत कापलं जातं आणि मेंढपाळ कोकणाकडे निघतात. कॉलेजच्या परीक्षा नेमक्या याच दिवसांत येतात, म्हणून मदतीला विद्यार्थी घेणार असाल तर आधी त्यांचं वेळापत्रक पाहा.

दोन गट वेगवेगळ्या प्लॉटवर काम करत होते आणि दोघांच्या वहीत ‘कुसळी’ होती. संध्याकाळी नमुने ताडून पाहिले तर एका गटाची कुसळी हेटेरोपोगॉन, दुसऱ्याची अ‍ॅरिस्टिडा. पहिलं अनेक वर्षं जगणारं गवत, दुसरं पावसाळ्यापुरतं. हे दोन एकत्र झाले तर सगळी मोजणी वाया जाते. त्या दिवसाच्या ओळी रद्द करून दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतल्या. तेव्हापासून प्रत्येक गटाकडे वाळवलेल्या नमुन्यांचा पुठ्ठा असतो आणि वहीत शास्त्रीय नावाची चार अक्षरंच लिहायची. बोलताना गावातलं नाव, लिहिताना ती चार अक्षरं.

पायांसाठी एक सूचना. सुती मोजे घालू नका. कुसळं मोज्यातून आत जातात आणि काढता निघत नाहीत. रेक्झिनचं कापड घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलं की पुरतं.

१६ ऑक्टोबर २०१४

गवताचं वजन करायला अर्धा मीटर चौरसातलं गवत कापून कागदी पिशव्यांत भरलं होतं. पिशव्या गावातल्या खोलीत चळत लावून ठेवल्या. दोन दिवस ढग होते, तेवढ्यात खालच्या पिशव्यांना बुरशी आली. तो सगळा संच टाकून द्यावा लागला.

आता पिशवी उघडी ठेवून दोरीवर टांगतो, रोज उन्हात फिरवतो, आणि ओव्हनपर्यंत पोचण्याआधीच कडक वाळलेली असते. ओव्हनमध्ये ७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचं. पिशवीवर बॉलपेननं लिहू नका, पेन्सिलीनं लिहा.

४ ऑक्टोबर २०१५

सलग दुसरं वर्ष पावसानं ओढ दिली. माळावर करड्या मुरमाशिवाय काही दिसत नाही. आणि निम्म्या सळया गायब. भंगारवाला किलोवर घेतो, वर आलेली सळई कोण सोडेल? यात गावाला दोष देण्यासारखं काही नाही. दुष्काळात माणूस विकता येईल ते विकतो.

जीपीएस होताच, पण हातातल्या यंत्राची चूक चार-पाच मीटरची. २० मीटर रुंदीच्या प्लॉटला एवढी चूक म्हणजे पाव प्लॉट बाहेर. जिथे दोन सळया शिल्लक होत्या तिथे टेपनं उरलेले कोपरे काढता आले. दोन प्लॉटच्या चारही सळया गेल्या होत्या. त्यांपैकी एकाचा कोपरा तिथल्या हिवराच्या फोटोवरून सापडला. दुसरा अंदाजानं बसवला, आणि वहीत त्याच्यापुढे ‘जागा सरकलेली असू शकते’ असं लिहिलं. त्या प्लॉटची २०१४ची मोजणी आम्ही तुलनेत धरत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी. काडी सोडली की पान लागतच नाही. आकड्यांवरून माळ मेला असं दिसतं. पण गुडघ्यावर बसून पाहिलं तर शेड्याचे ठोंब, म्हणजे गवताचे बुडखे, जागच्या जागी आहेत, मेंढरांनी तळापर्यंत खाल्लेले, वरून वाळलेले, मुळाशी जिवंत. आपण पानं मोजत होतो आणि पानं त्या वर्षीच्या पावसाची असतात. माळाचं वय आणि तब्येत ठोंबात आहे.

म्हणून फॉर्ममध्ये दुसरा रकाना घातला: काडीचं टोक जमिनीला टेकतं तिथे काय आहे? ठोंब, माती, मुरूम, दगड, काडीकचरा की लेंडी. वेळ दीडपट लागतो. २०१४च्या फॉर्मात हा रकाना नव्हता, त्यामुळे ठोंबांची खरी मालिका २०१५ पासूनच आहे. कोरड्या प्रदेशात काम करणाऱ्यांनी एवढी एकच गोष्ट इथून घ्यावी. हिरवळ मोजाल तर फक्त पाऊस मोजला जाईल.

२० नोव्हेंबर २०१६

यंदा पाऊस बरा झाला. नव्या सळया ठोकल्या, लाल रंग दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर वीस-पंचवीस माणसं उभी. पुरंदरच्या विमानतळाच्या बातम्या याच सुमाराच्या, लाल खुणा पाहून कुणालाही तीच शंका येणार.

“ताई, ह्या खुणा कसल्या? आमची जमीन जायाची न्हवं?”

तिथल्या तिथे वही उघडून दाखवली, टेप टाकून दाखवला. त्यावर एक आजी म्हणाल्या, “गवताचं कुणी मोजतं व्हय?” आणि मग त्यांनीच पुढे होऊन आमच्या यादीत नसलेली तीन नावं सांगितली. खर्चुडीचा कंद कुठे निघतो तेही दाखवलं.

तरीही त्या दिवशी सगळ्या सळया काढून घेतल्या. ग्रामसभा होईपर्यंत माळावर पाय ठेवायचा नाही असं ठरलं आणि हंगामाचं उरलेलं काम राहिलं. हे २०१४मध्येच करायला हवं होतं. परवानगीचं पत्र फायलीत होतं, पण माळावर रोज जाणाऱ्यांपर्यंत ते पोचलेलं नव्हतं.

ग्रामसभेनंतर बदललेली पद्धत अशी. रंग बंद. सळई ४५ सेंटिमीटरची, जमिनीच्या खाली चार बोटं जाईल अशी ठोकायची, वर मुरूम सारायचा. शोधायला साधा मेटल डिटेक्टर. प्रत्येक कोपऱ्याला तीन साक्षी: एखादा हलवता न येणारा दगड, एखादं जुनं झाड, बांधाचं टोक, आणि त्या प्रत्येकापासूनचं अंतर व होकायंत्राची दिशा. हातानं काढलेला नकाशा पंचायतीत लावला. त्यानंतर एकही सळई चोरीला गेलेली नाही.

झाडांना लावलेले चकचकीत पत्र्याचे बिल्लेही काढून टाकले. मुलांना ते आवडत, आणि वाढत्या फांदीत तार रुतून साल फुटत होती. आता टेपवरचा आडवा-उभा आकडा हाच त्या झाडाचा पत्ता.

९ मे २०१७

चराई थांबवली तर काय होतं हे पाहायला कुंपणं घालायची आहेत. मूळ आराखडा २० बाय २० मीटरचा. मेंढपाळांतले एक तात्या जागा पाहायला आले, उतारावर उभे राहिले आणि म्हणाले, “हितनं तळ्यावर वाट हाय. मेंढरं काय उडत जायाची?”

नकाशावर वाट दिसत नव्हती, जमिनीवर नीट पाहिल्यावर दिसली. कुंपण सरकवलं आणि आकार १० बाय १० केला. त्यामुळे खर्चही निम्म्यावर आला. जाळी, लोखंडी खांब, सिमेंट आणि मजुरी धरून एका कुंपणाला ११ हजारांच्या आसपास. काटेरी तार वापरली नाही, कोकरं आणि चिंकारे अडकतात. जाळी जमिनीपासून वीतभर वर ठेवली, म्हणजे ससा आणि खोकड आत-बाहेर करू शकतात. चिंकारा उडी मारून आत जाऊ शकतो, म्हणून आतल्या लेंड्याही मोजतो.

तात्यांनी नंतर प्रत्येक प्लॉटवर मेंढरं साधारण कधी बसतात हे सांगितलं. ते आमच्या कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हतं. रात्री कळप बसला की त्या जागेला लेंड्या आणि मूत मिळतं, आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथे मारवेल जोरात येतं. हे माहीत नसतं, तर आम्ही त्याचं श्रेय पावसाला दिलं असतं.

११ नोव्हेंबर २०१८

राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आहे, त्यात आमचाही. माळावर चारा फक्त कुंपणाच्या आत उभा आहे. एका कुंपणाची जाळी कापलेली सापडली. गवत विळ्यानं स्वच्छ कापून नेलेलं.

गटात वाद झाला. काहींचं म्हणणं, जाळी दुरुस्त करून राखणदार ठेवा. माझं मत वेगळं पडलं. जनावरांना चारा नसताना शंभर चौरस मीटर गवतावर पहारा बसवणं मला पटत नाही, आणि तसं केलं तर पुढच्या वर्षी माळावर काम करता येणार नाही. मोजणी झाल्यावर सगळ्या कुंपणांतलं गवत कापून न्यायला दिलं, वजन करून. वहीत ‘कापणी २०१८’ असा शेरा आहे. ठोंब विळ्यानं मरत नाही, शिवाय साठलेलं जुनं वाळकं गवत निघालं की पुढच्या पावसात बारीक वनस्पतींना जागा मिळते. कुंपणाच्या आत दोन वर्षांत नेमक्या त्याच कमी झाल्या होत्या.

१४ जुलै २०१९

एका प्लॉटमधून सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे लांबच लांब खड्डे, गेले आहेत. मशीननं खणलेले. वृक्षलागवडीच्या कामासाठी. चरांमधला मुरूम खालच्या बाजूला ढिगानं टाकला आहे आणि त्यावर गिरिपुष्पाची रोपं. आमच्या दोन सळया कुठेतरी त्या ढिगाखाली.

फार वाईट वाटलं. ज्यांनी काम केलं त्यांच्या कागदावर ही जमीन पडीक होती. झाडं दिसत नाहीत म्हणून माळ पडीक, ही समजूत वरपासून खालपर्यंत आहे. देशाच्या वेस्टलँड अ‍ॅटलासमध्येही, म्हणजे पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही, झुडपी माळ आणि चराऊ जमिनीचे काही वर्ग मोडतात. त्या प्लॉटवरच्या शेड्याच्या काही ठोंबांचा घेर माझ्या दोन्ही हातांत मावत नव्हता. तसा ठोंब बियांपासून तयार व्हायला किती पावसाळे लागत असतील!

प्लॉट सोडून द्यावा असं बहुतेकांना वाटलं. सोडला नाही. उरलेल्या कोपऱ्यांवरून चौकट पुन्हा आखली, चर, ढीग आणि मधला न खणलेला पट्टा अशा तीन भागांत नोंद सुरू केली. मोडलेला प्लॉट बाद करून नवा, चांगला प्लॉट घेणं सोपं असतं. पण जमिनीचा वापर बदलला तर काय होतं, हा आपलाच प्रश्न होता. ज्या प्लॉटमध्ये उत्तर मिळायचं तोच काढून टाकला, तर उरलेले प्लॉट माळ सुखरूप आहे असंच सांगत राहणार.

पत्रं लिहिली. गावानंही ठराव केला, चराऊ गायरानावर पुढचे चर नकोत म्हणून. त्यानंतर इतर प्लॉट वाचले आहेत.

२९ सप्टेंबर २०१९

२५ तारखेच्या रात्री कऱ्हा नदीला पूर आला. रस्ते तुटलेत, मोजणी लांबली. माळावर पोचलो तर आमचं पाऊसमापक आडवं पडलेलं, मेंढरांनी अंग घासून खांब आधीच हलवला होता. त्या रात्रीची नोंद नाही. महसूल मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा मिळतो, पण वळवाचा आणि परतीचा पाऊस एका टेकडीवर पडतो आणि शेजारच्या टेकडीवर नाही. मापकं आता वस्तीतल्या तीन घरांच्या अंगणात आहेत. सकाळी साडेआठला त्या घरातलं कुणीतरी मोजून फोनवर कळवतं. त्यांना वर्षाचं मानधन देतो, आणि या मालिकेतली सगळ्यात नेमकी आकडेवारी हीच आहे.

२५ ऑक्टोबर २०२०

उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे जाता आलं नाही. तात्यांच्या मुलाला प्रत्येक प्लॉटच्या फोटोच्या जागा ठाऊक होत्या. त्यानं दर महिन्याला ठरलेल्या दिशेनं फोनवर फोटो काढून पाठवले. एकाही प्लॉटची फोटोमालिका तुटली नाही.

१४ तारखेच्या मुसळधार पावसानं चरांच्या प्लॉटमधले दोन बांध फुटले आणि मुरूम खालच्या न खणलेल्या पट्ट्यावर पसरला. त्याची वेगळी नोंद घेतली.

८ ऑक्टोबर २०२३

यंदाचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा. माळ २०१५ सारखाच दिसतो आहे. या वेळी मात्र दुसरा रकाना हाताशी आहे.

न खणलेल्या, चरल्या जाणाऱ्या प्लॉटमध्ये ठोंबांच्या नोंदी २०१५ आणि २०१८ च्या जवळपास आहेत. पान नाही, ठोंब आहे. कुंपणाच्या आत ठोंब मोठे झाले, त्यांची संख्या फारशी वाढली नाही. चरांच्या ढिगांवर चार पावसाळे होऊनही बहुतेक अ‍ॅरिस्टिडा आणि एकवर्षायू तण. २०२१-२२ मध्ये तिथे हिरवं दिसलं ते हेच, आणि यंदा पाऊस नाही तर काहीच नाही. गिरिपुष्प जगलं आहे, त्याला मेंढरं फारशी तोंड लावत नाहीत. त्याच्या सावलीत घाणेरीची रोपं दिसू लागली आहेत, ती मोजायला नवा रकाना घातला.

एक चर खणलेला प्लॉट म्हणजे पुरावा नव्हे, हे आम्हाला कळतं. म्हणून आजूबाजूच्या माळांवर आधीच चर खणलेल्या जागा शोधून त्यांच्या शेजारी न खणलेले जोडप्लॉट टाकायचं काम हाती घेतलं आहे. त्यासाठी कुठेही नवीन खणावं लागत नाही.

हिवराची नवी रोपं काही प्लॉटमध्ये जास्त दिसतात. वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे गवताळ प्रदेशात झाडं वाढतात असं जगात बऱ्याच ठिकाणी मांडलं गेलं आहे. इथे तसं होतंय असं मी अजून म्हणणार नाही. दोन कोरड्या वर्षांत किती रोपं मरतात ते पाहिल्याशिवाय नुसत्या रोपांच्या संख्येवरून काही ठरवू नये.

३ जून २०२५

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बारामती, इंदापूर, दौंडकडे पावसानं कहर केला. मान्सून २६ मेला मुंबईतही पोचला होता. माळ जूनच्या पहिल्या आठवड्यातच हिरवा. एवढ्या लवकर उगवलेलं गवत फुलोऱ्यावरही लवकर येणार. मोजणी सप्टेंबरच्या मध्याऐवजी ऑगस्टअखेरीस घ्यायची का, यावर बोलणं झालं. ठरलं ते असं: नेहमीची मोजणी नेहमीच्याच तारखांना, आणि चार प्लॉटवर एक जास्तीची मोजणी ऑगस्टअखेरीस. तारीख दर वर्षी सोयीनं सरकवली तर अकरा वर्षांची तुलना हातची जाईल.

वारसदारीचं कामही सुरू केलं. मी आणखी काही वर्षं माळावर चालू शकेन, पण प्लॉट माझ्या चालण्यावर अवलंबून नकोत. साक्षींच्या नोंदी, नकाशे आणि कच्च्या वह्यांचे स्कॅन आता तीन ठिकाणी आहेत: संस्थेत, पंचायतीत आणि तात्यांच्या मुलाकडे. परवा नव्या विद्यार्थिनीला नकाशा आणि डिटेक्टर देऊन एकटीला पाठवलं. सोळांपैकी चौदा प्लॉटचे सगळे कोपरे तिला सापडले. उरलेल्या दोघांत साक्षीचं झाड तुटलेलं आहे. तिथे पावसाची उघडीप मिळाली की नव्या साक्षी घ्यायच्या, आणि या वेळी तिन्ही साक्षी दगडाच्याच.